उंचवटा काढा, शेजार राखा

घाटात पुढे चाललेल्या डंपरच्या चाकाखालून खडी उसळते आणि बॉनेटवर तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडतो. मालक दाराच्या खांबावर चिकटवलेल्या पट्टीवरून रंगाचा कोड शोधतो, नेमकी त्याच कोडची टचअपची बाटली मागवतो आणि झाकणाला असलेल्या बारीक ब्रशने टवक्यावर रंगाचा थेंब टेकवतो. दोन दिवसांनी उन्हात पाहावं, तर टवक्याच्या जागी चामखीळ उठलेली असते. ‘रंग जुळला नाही’ असा निकाल लगेच दिला जातो. मग एक तर गाडी डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जाते, नाहीतर ती चामखीळ गाडीसोबत म्हातारी होते. या निकालात मुळातच गफलत आहे. कोड बरोबर असेल आणि गाडीचा रंग साधा असेल, तर छटा बहुधा पुरेशी जुळलेली असते. जुळलेली नसते ती उंची. शिवाय उंचीतला हा फरक केवळ हात चुकल्यामुळे येत नाही, तो रंग वाळण्याच्या रीतीतच आहे. त्यामुळे टचअपमध्ये दोन कामं असतात, रंग लावण्याचं आणि लावलेला रंग सपाट करण्याचं, आणि आपल्याकडे बहुतेक जण पहिलं काम करून थांबतात. दुसऱ्या कामाचा नियम एका ओळीचा आहे: जे उंच आहे तेवढंच काढायचं आणि त्याच्या शेजारचं मूळ आवरण राखायचं. हा नियम का पाळायचा हे कळण्यासाठी गाडीवर मुळात रंग असतो तरी किती, हे आधी पाहायला हवं.

कारखान्यात गाडीच्या पत्र्यावर एकावर एक थर चढतात. पत्रा धुऊन त्यावर फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग गाडीचा अख्खा सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाने पहिला गंजरोधक थर बसवतात. तो साधारण २० मायक्रॉन जाडीचा असतो. त्यावर ३० ते ४० मायक्रॉनचा प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा १५ ते २० मायक्रॉनचा थर आणि सर्वांत वर ४० मायक्रॉनच्या आसपासचा पारदर्शक क्लिअर कोट. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सगळे थर मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन होतात, म्हणजे झेरॉक्सच्या साध्या कागदाच्या एका पानाएवढी जाडी. गाडीची चमक आणि उन्हापासूनचं संरक्षण या पानाच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात, क्लिअर कोटमध्ये असतं, कारण अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्यं त्यातच मिसळलेली असतात. हा थर घासून फार पातळ केला की काही उन्हाळ्यांनंतर तो पांढुरका पडतो आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात. जुन्या गाड्यांच्या टपावर आणि बॉनेटवर दिसणारे पांढुरके चट्टे ही क्लिअर कोट संपल्याची खूण असते. हे चाळीस मायक्रॉन म्हणजे गाडीला एकदाच मिळालेली शिल्लक आहे. घासून खर्च केलेला मायक्रॉन कुठल्याही मेणाने किंवा पॉलिशने परत येत नाही. टचअप सपाट करताना जी काही काळजी घ्यायची, ती या शिलकेसाठी.

आता टवका भरण्याचा हिशेब मांडू. टवका थेट पत्र्यापर्यंत उडाला असेल, तर खड्डा १०० मायक्रॉन खोल धरू. बाटलीतल्या रंगाचा मोठा भाग द्रावकाचा असतो. तो उडून जातो आणि घन भाग तेवढा मागे राहतो. समजा, चार भागांतला एकच भाग घन आहे. खड्डा काठोकाठ भरला, तरी वाळल्यावर तळाशी २५ मायक्रॉन रंग उरेल आणि ७५ मायक्रॉनचा खड्डा कायम राहील. पुन्हा काठोकाठ भरला की खड्डा ५६ मायक्रॉनवर येईल, तिसऱ्या वेळी ४२वर, चौथ्या वेळी ३२वर, पाचव्या वेळी २४वर. दर वेळी उरलेल्या खोलीचा चौथा हिस्साच बुजतो, त्यामुळे नुसतं काठोकाठ भरत राहून खड्डा कधीच पुरता बुजत नाही. तो बुजवायचा तर कधी ना कधी रंग काठाच्या वर चढवावाच लागतो. धीर असलेला माणूस चार-पाच पातळ हात देतो आणि शेवटच्या हाताला किंचित शीग ठेवतो. घाई असलेला पहिल्याच हाताला मोठा थेंब ठेवतो. त्याची वरची साय आधी धरते, आतलं द्रावक कोंडतं, आणि वरून वाळलेला थेंब आतून कितीतरी दिवस मऊ राहतो. दोघांच्याही गाडीवर उंचवटा येतोच. फरक असतो तो उंचवट्याच्या मापाचा आणि त्याच्या आतल्या घट्टपणाचा.

थेंब जसा ठेवला तशाच आकारात वाळत नाही, ही आणखी एक अडचण. पृष्ठताणामुळे तो मध्यभागी फुगतो आणि टवक्याच्या काठाबाहेर, चांगल्या क्लिअर कोटवर, पसरतो. कडेला तो सर्वांत पातळ असल्यामुळे तिथलं द्रावक आधी उडतं. त्याची जागा घ्यायला मधला द्रव कडेकडे ओढला जातो आणि सोबत रंगाचे कणही नेतो. चहाचा किंवा कॉफीचा थेंब टेबलावर वाळला की मध्ये फिका आणि कडेला गडद गोल उमटतो, तो याच प्रवाहामुळे. शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये या गोलाचं कारण मांडलं. रंग दाट आणि चिकट असल्यामुळे त्यात हा प्रवाह मंदावतो, पण पातळ केलेल्या टचअपमध्ये कडेला बांध आणि मध्ये खळगा असा आकार त्याने तयार होऊ शकतो. म्हणजे उंचवटा दोन तऱ्हांचा असतो: घुमटासारखा, नाहीतर कडेला उचललेल्या ताटलीसारखा. दोन्हींत एक गोष्ट सारखी. जादा रंग टवक्याच्या बाहेर, शेजारच्या क्लिअर कोटच्या पातळीवर बसलेला असतो, आणि टवक्याच्या आतला रंग आपल्या जागी असतो. काढायचा तो बाहेरचा.

केसाच्या जाडीहूनही कमी उंचीचा हा फरक इतका डोळ्यांवर का यावा? कारण चकचकीत पृष्ठभागावर डोळा उंची पाहतच नाही, तो उतार पाहतो. तीन मिलिमीटर रुंद आणि फक्त ३० मायक्रॉन उंच असा घुमट घेतला, तर त्याचा काठापासून माथ्यापर्यंतचा सरासरी उतार एका अंशाहून किंचित जास्त येतो. आरसा एका अंशाने कलला की परावर्तित किरण दोन अंशांनी वळतो. आकाशातला पूर्णचंद्र आपल्याला जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो; म्हणजे तो क्षुल्लक उंचवटा प्रकाशाला चंद्राच्या रुंदीच्या चौपट बाजूला फेकतो. गाडीच्या दारात ट्यूबलाइटचं सरळ प्रतिबिंब पडलेलं असावं आणि थेंबापाशी येऊन ते मुरडावं, हे त्यामुळे होतं. घुमटाच्या एका बाजूला प्रकाशाचा ठिपका आणि दुसऱ्या बाजूला गडद कड दिसते, आणि मेंदू त्याचा अर्थ ‘वेगळा रंग’ असा लावतो. बोटं तर डोळ्यांहून तल्लख. स्टॉकहोमच्या केटीएच संस्थेतल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिलं, की केवळ १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या असलेला पृष्ठभाग आणि गुळगुळीत पृष्ठभाग यांतला फरक माणसाचं बोट ओळखू शकतं. एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर. टचअप सपाट झालं की नाही हे ठरवायला स्वच्छ पुसलेल्या जागेवरून हळूच फिरवलेल्या बोटाइतकं चांगलं मोजमाप घरात दुसरं नाही.

आता मुख्य प्रश्न: उंच तेवढंच कसं काढायचं? याचं उत्तर सुताराच्या रंध्यात आहे. रंध्याचा तळ लांब, कडक आणि सपाट असतो. तो फळीच्या उंचवट्यांवर टेकतो, खळग्यांवरून तरंगत जातो, आणि पातं फक्त उंचवटे तासतं. तोच तळ रबराचा केला तर तो खळग्यातही उतरेल, फळी सगळीकडून सारखी झिजेल आणि ओबडधोबडपणा कायम राहील. इंग्लंडमधले यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ यांनी हीच गोष्ट धातूच्या बाबतीत मांडली. अचूक सपाट पृष्ठभाग कसे तयार करावेत यावरचा त्यांचा निबंध १८४० साली ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशनपुढे वाचला गेला. तेव्हाची रूढ पद्धत दोन पृष्ठभागांमध्ये कुरुंदाची पूड घालून ते एकमेकांवर घासण्याची होती. व्हिटवर्थ यांचा तिला आक्षेप होता: पूड कुठे कापते यावर कारागिराचा ताबा राहत नाही. त्याऐवजी प्रमाण पृष्ठभागाला रंग लावून तो दुसऱ्यावर टेकवावा, रंगाचे डाग जिथे उमटतील तेवढीच उंच ठिकाणं खरवडावीत आणि हे पुन्हापुन्हा करत जावं. यंत्रशाळांमध्ये निळा रंग लावून स्क्रेपिंग करणारे कुशल कामगार आजही याच रीतीने जातात. उंच काय ते आधी खुणेने पाहायचं आणि मग तेवढंच काढायचं, हे तत्त्व लेथच्या बेडला जसं लागू आहे तसंच बॉनेटवरच्या थेंबालाही.

इथे पहिला आक्षेप येतो. कापडावर रबिंग कंपाउंड घेऊन जोरजोरात चोळलं की थेंब बसत नाही का? काही जण तर टूथपेस्टची शिफारस करतात. टूथपेस्टमध्ये कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिकासारखी सौम्य घासणारी द्रव्यं असतात, त्यामुळे क्लिअर कोटवरचे अगदी बारीक चरे तिने फिके होतात, हे खरं आहे. पण कापड, स्पंज आणि बोट हे तिन्ही मऊ. ते घुमटावर घुमटासारखे बसतात आणि खळग्यात खळग्यासारखे. घुमटाची उंची काही मायक्रॉन कमी व्हायच्या आत शेजारचा क्लिअर कोटही तितकाच झिजतो. चोळून चोळून थेंब चकचकीत होतो, पण राहतो थेंबच. वर चकाकीमुळे त्याचं प्रतिबिंब आणखी ठळक होतं. कंपाउंडचं काम चमक आणण्याचं आहे, पातळी आणण्याचं नाही. ते शेवटी येतं, आणि आधी आणलं तर नुकसान करतं.

पातळी आणण्याआधी वाट पाहणं आलं, आणि ही पायरी सर्वांत जास्त वगळली जाते. टचअपच्या बाटलीतला रंग बहुधा लॅकर जातीचा असतो. या शब्दाचं मूळ आपल्या लाखेत, संस्कृतमधल्या लाक्षेत आहे. पोर्तुगीजमार्गे तो युरोपात गेला आणि तिथून रंगाच्या डब्यावर बसून परत आला. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फ्रेंच पॉलिश करणाऱ्या कारागिराला लॅकरचा स्वभाव ठाऊक असतो: स्पिरिट उडालं की लाख घट्ट होते, आणि पुन्हा स्पिरिट लागलं की पुन्हा विरघळते. लॅकर रंगाचंही तसंच. त्यात रासायनिक पक्केपणा येत नाही, द्रावक निघून गेल्याने तेवढा तो वाळतो. वरून तासाभरात कोरडा वाटला, तरी आतलं द्रावक दिवसेंदिवस निघत राहतं आणि रंग आक्रसत जातो. आज अर्धवट वाळलेला थेंब घासून काटेकोर सपाट केला, तर पंधरवड्याने तिथे खळगा पडलेला असेल. म्हणून दोन हातांमध्ये तासा-दोन तासांचं अंतर ठेवावं आणि शेवटच्या हातानंतर निदान आठवडाभर थांबावं. पावसाळ्यात तर मुळात हे काम काढूच नये. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगात दुधाळ झाक येते. कोकणपट्टीत हे विशेष जाणवतं, आणि खाऱ्या हवेमुळे उघडा पत्रा लवकर गंजतो तोही तिथेच. तेव्हा टवके भरण्याचा हंगाम दिवाळीनंतरचा कोरडा काळ. पावसाळ्यात टवका उडालाच, तर जागा कोरडी करून त्यावर तात्पुरता मेणाचा हात द्यावा, आणि रंग भरण्याआधी ते मेण पूर्ण काढून टाकावं, कारण मेणावर रंग धरत नाही.

घासण्याचं काम प्रत्यक्षात अगदी छोटं आहे. लागतो तो २००० नंबरचा वॉटर पेपर, पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, आणि पेपरमागे धरायला कडक, सपाट अशी लहानशी वस्तू. कॅरमची सोंगटी या कामासाठी जणू घडवलेली आहे: साधारण तीन सेंटिमीटर रुंद, कडक, आणि कडा गोल केलेल्या, त्यामुळे रुतत नाही. पेपर पाण्यात भिजवून सोंगटीवर ताणून धरावा. आणखी नेमकेपणा हवा असेल तर पेपरचा सेंटिमीटरभर तुकडा सोंगटीच्या मधोमध चिकटवावा. थेंब फारच उंच असेल तर त्याच्या चारही बाजूंना मास्किंग टेप लावून आधी टेपच्या उंचीपर्यंत उतरवावा आणि मग टेप काढावी. थेंबावर आणि भोवती मार्कर पेनाने पातळ शाई फिरवावी. व्हिटवर्थ यांच्या निळ्या रंगाचं काम ही शाई करते. आता वजन न टाकता, सोंगटी कलू न देता, आखूड सरळ घासे द्यायचे. आठ-दहा घासे झाले की पुसून तिरप्या उजेडात पाहायचं. माथ्यावरची शाई आधी जाईल आणि तिथे राखट, मंद ठिपका दिसेल. घासत जाल तसा ठिपका पसरेल. त्याच्या मध्ये किंवा कडेला चकाकणारी जागा उरली असेल तर तिथे पेपर पोचलेला नाही, तिथे अजून खळगा आहे. ठिपका थेंबाच्या कडेपर्यंत पोचला आणि त्याच्या बाहेरची शाई पुसट होऊ लागली, की थांबायचं. त्या क्षणी पेपर शेजारच्या क्लिअर कोटला टेकलेला असतो. यापुढचा प्रत्येक घासा त्या चाळीस मायक्रॉनांतून वजा होतो.

हे ‘थांबायचं’ लिहायला सोपं आणि पाळायला सर्वांत कठीण. थेंब नव्वद टक्के बसलेला असतो, बोटाला किंचित खरखर लागते, आणि हात म्हणतो आणखी वीस घासे. चुका होतात त्या इथेच. पेपरचे नंबर आणि मायक्रॉन यांचा संबंध ध्यानात घेतला तर हाताला लगाम बसतो. १००० नंबरच्या पेपरवरचा घासणारा कण सरासरी १८ मायक्रॉनचा असतो, २००० नंबरचा सुमारे १० मायक्रॉनचा, २५०० नंबरचा ८ मायक्रॉनच्या आसपास. चाळीस मायक्रॉनच्या थरावर अठरा मायक्रॉनचा कण ओढणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. १००० नंबरचा पेपर झटपट काम करतो म्हणून हाती घेतला जातो आणि त्याने पाडलेले चरे काढायला मग आणखी घासावं लागतं. बॉनेटच्या कडा, दारावरच्या शरीररेषा, चाकाच्या कमानीची धार अशा ठिकाणी रंग मुळातच पातळ बसलेला असतो; तिथे थेंब थोडा उंच राहू देणं शहाणपणाचं. मॅट रंगाच्या गाडीवर तर पेपर लावूच नये, कारण घासून चमकलेली जागा पुन्हा मॅट करता येत नाही.

पातळी आली की चमक आणायची. दृश्य प्रकाशाच्या लहरींची लांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. पृष्ठभागावरचे चरे या मापाच्या बरेच खाली गेले की प्रकाश विखुरत नाही आणि झळाळी परतते. २००० किंवा २५०० नंबरनंतर बारीक कंपाउंड आणि त्यानंतर पॉलिश, स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने, फक्त त्या रुपयाएवढ्या जागेत, हाताने. इथे मऊ कापड योग्य, कारण आता उंची बदलायची नाही, चरे तेवढे पुसायचे आहेत. बफिंग मशीन एवढ्याशा जागेला नको. ताज्या लॅकरला ती उष्णतेने ओढते आणि भरलेला रंग टवक्यातून उचकटूही शकतो. चमक घासून आणावी लागणं हा कमीपणा मानण्याचंही कारण नाही. १९२०च्या दशकात ड्यूपाँट कंपनीचं ‘ड्यूको’ हे नायट्रोसेल्युलोज लॅकर आलं आणि मोटारी रंगवण्याचा वेळ आठवड्यांवरून दिवसांवर आला, तेव्हा तो रंगही फवारल्यावर मंदच दिसे. घासून आणि पॉलिश करूनच त्याला झळाळी येई. आपल्याकडच्या फर्निचरवाल्यांच्या तोंडी ‘ड्यूको’ हे नाव अजून आहे. घासणं हा त्या रंगकामाचाच भाग होता.

लॅकर पुन्हा विरघळतं, या गुणाचा एक उपयोगही आहे. घट्ट ताणलेल्या सुती कापडात सोंगटी गुंडाळून, कापडाला थिनर जेमतेम लावून थेंबावरून हलकेच एक-दोनदा ओढलं, तर थेंबाचा माथा उतरतो आणि टवक्यातला रंग बराचसा जागेवर राहतो. कारखान्यातला क्लिअर कोट सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजून पक्का झालेला असतो, त्यामुळे क्षणभराच्या थिनरने त्याचं काही बिघडत नाही. पद्धत झटपट आहे, पण तिला अटी आहेत. पत्रा पूर्वी कधी गॅरेजमध्ये रंगवलेला असेल तर तो रंग थिनरने सुटू शकतो. प्लास्टिकच्या बंपरवर आणि दिव्यांच्या काचेसारख्या आवरणांवर थिनर घातक ठरतो. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापड टेकवून पाहावं. रंग कापडाला लागला तर ही वाट सोडावी. हार्डनर मिसळलेले दोन घटकांचे रंग मात्र रासायनिक रीतीने पक्के होतात, थिनरला दाद देत नाहीत, आणि त्यांच्या हार्डनरमधली आयसोसायनेटं फुप्फुसांना धोकादायक असतात. त्यांचा फवारा घराच्या पार्किंगमध्ये कधीही मारू नये.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा असतो. एवढा खटाटोप कशाला, अख्खा पॅनेल रंगवून घ्यावा, विमाही आहे. बॉनेटवर पंधरा-वीस टवके असतील किंवा ओरखडा हातभर लांब असेल, तर हा सल्ला बरोबरच आहे. पण तांदळाएवढ्या एका टवक्यासाठी पॅनेल रंगवताना आपण काय देतो आणि काय घेतो, ते पाहावं. अख्खा सांगाडा बुडवून विजेने बसवलेला तो तळाचा थर कुठलंही गॅरेज पुन्हा देऊ शकत नाही. पत्रा उघडा पडेपर्यंत घासला तर तो थर कायमचा गेला. चांगल्या वर्कशॉपमधला रंगही ६० अंशांच्या आसपास भाजला जातो, कारण गाडीतलं प्लास्टिक आणि वायरिंग त्याहून फार जास्त उष्णता सोसत नाही. विम्याचा दावा केला की नो क्लेम बोनस जातो. सलग पाच वर्षं दावा न करणाऱ्याला तो ५० टक्क्यांपर्यंत मिळत असतो. आणि जुनी गाडी विकत घेणारा जाणकार रंगाची जाडी मोजणारं यंत्र पत्र्याला लावतो. सगळीकडे ११० मायक्रॉन आणि एका दारावर अडीचशे दिसले, की अपघाताची शंका येते. चांगला बसवलेला एक टवका अशी शंका निर्माण करत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो मान्यच केला पाहिजे. टवका भरण्याचा खरा हेतू गंज रोखणं हा. ते काम चामखिळीसारखा थेंबही करतोच, मग सपाट करण्याचा अट्टहास कशाला? गंजापुरता विचार केला तर खरंच गरज नाही. टवक्यात आधीच गंज धरला असेल तर उलट सपाटीचा विचार बाजूला ठेवून आधी गंज खरवडून प्रायमर लावावा, नाहीतर सुंदर सपाट रंगाखाली पत्रा खात राहील. सपाट केल्याने सगळं अदृश्य होतं, असाही दावा करता येत नाही. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे चपटे कण असतात; कारखान्यातल्या फवाऱ्यात ते पत्र्याला समांतर निजतात, ब्रशच्या थेंबात वाटेल तसे पडतात, आणि त्यामुळे पातळी अचूक असूनही ठिपका एका कोनातून गडद आणि दुसऱ्यातून फिका दिसतो. आपल्या रस्त्यांवर सर्वांत जास्त असलेल्या पांढऱ्या गाड्यांपैकी साध्या पांढऱ्यांना ही पद्धत फार चांगली लागू पडते, मोतिया झाक असलेल्यांना कमी. पण सपाट करण्याचे फायदे दिसण्यापलीकडेही आहेत. उंच थेंबाची कड धुताना कापडात अडकते, तिच्याखाली मळ आणि पाणी शिरतं, आणि एक दिवस अख्खा थेंब निघून पत्रा पुन्हा उघडा पडतो. कड क्लिअर कोटमध्ये मिसळलेली असेल तर थेंब टिकतो, आणि टिकला तरच गंज रोखला जातो.

म्हणून या कामाचं यश दोन गोष्टींवर मोजावं: थेंब किती बसला, आणि शेजारचं मूळ आवरण किती शाबूत राहिलं. पहिल्यात थोडी कसर राहिली तर पुढच्या महिन्यात आणखी एक पातळ हात देऊन ती भरता येते. दुसऱ्यात राहिलेली कसर भरून येत नाही. टचअपची पुढची बाटली घ्याल तेव्हा सोबत २००० नंबरचा एक वॉटर पेपर घ्या, कॅरमच्या डब्यातली एक सोंगटी काढून ठेवा, रंग पातळ हातांनी भरा, आठवडाभर त्याला हात लावू नका, आणि घासताना शेजारची शाई पुसट होताना दिसली की तिथेच थांबा.